हळदीतला बेंजो, नॅशव्हिलचा बँजो

तुळशीचं लग्न लागलं की कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या बेंजोवाल्यांची वही भरायला लागते. पूर्वी लग्नघरात पहिली चौकशी आचाऱ्याची व्हायची; आता हळदीला बेंजो कुणाचा, हे आधी ठरतं. आगरी घरांतली हळद तर लग्नालाच मागे टाकून पुढे गेली आहे. रात्री जेवणं उरकतात, मांडवातल्या खुर्च्या कडेला जातात आणि ट्रॉलीवर बांधलेल्या स्पीकरांतून तो चरचरीत, धातूचा, किंचित नाकातला आवाज सुरू होतो. पहिल्या चार सुरांत गाणं ओळखलं जातं, पाचव्याला माणसं नाचायला लागलेली असतात.

कर्जत स्टेशनाला लागून असलेल्या भिसेगावात या आवाजाला रेल्वेशी स्पर्धा करावी लागते. पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना घाट चढवण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात. भोर घाटाचा चढ सदतीसला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर. रेल्वेच्या हिशेबात हा फारच उभा चढ. ही इंजिनं जोडली जाईपर्यंत प्रवासी वडापाव घेतात आणि गावात हळद असेल तर खिडकीतून दोन मिनिटं बेंजो ऐकतात. खरं तर ऐकतात म्हणणं जास्त झालं. तो कानावर पडतो. मांडवातसुद्धा तो कानावरच पडतो, कारण तिथे आलेला प्रत्येक जण नाचायला तरी आलेला असतो, नाहीतर जेवायला. बेंजो ऐकायला कुणीच आलेलं नसतं.

हा लेख त्या न ऐकल्या गेलेल्या वादनाबद्दल आहे. पण त्यासाठी आधी एका रेकॉर्डकडे जावं लागेल, कारण तिच्यात दुसऱ्या एका बँजोला ऐकणारे कान मिळालेले आहेत, आणि ते कान आपल्या माहीमचे आहेत.

*

12 मे 2023 रोजी 'ॲज वी स्पीक' नावाचा अल्बम आला. वादक चार: बँजोवर बेला फ्लेक, डबल बेसवर एडगर मायर, तबल्यावर उस्ताद झाकीर हुसेन आणि बासरीवर राकेश चौरसिया. गाणारं कुणी नाही. पुढच्या वर्षी 4 फेब्रुवारीला लॉस एंजेलिसला या अल्बमला समकालीन वाद्यसंगीताचं ग्रॅमी मिळालं आणि त्यातल्या 'पश्तो' या रचनेला जागतिक संगीतातल्या सादरीकरणाचं. त्याच रात्री झाकीरभाईंच्याच 'शक्ती' या बँडच्या 'धिस मोमेंट' या अल्बमलाही पुरस्कार मिळाला, त्यामुळे झाकीरभाईंच्या नावावर एका संध्याकाळी तीन ग्रॅमी लागली. आपल्याकडे जल्लोष झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण मी वाचलेल्या बातम्यांत बँजो वाजवणारा माणूस शेवटच्या ओळीत होता, आणि बँजो म्हणजे काय हे तर कुठेच नव्हतं. रायगडात, जिथे दर दोन गावांआड एक बेंजो पार्टी आहे, तिथे तरी कुणाचे कान टवकारायला हवे होते.

फ्लेक मूळचा न्यूयॉर्कचा, जन्म 1958. आईवडिलांनी त्याचं नाव बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकारावरून ठेवलं होतं. पण लहानपणी त्याला वेड लावलं ते टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेच्या शीर्षकगीतातल्या बँजोने. तो बँजो अर्ल स्क्रग्ज यांचा होता. पुढे फ्लेकने 'न्यू ग्रास रिव्हायव्हल' या ब्लूग्रास बँडमध्ये जवळजवळ नऊ वर्षं वाजवलं, मग स्वतःचा 'फ्लेकटोन्स' काढला. 2021 मध्ये तो पुन्हा ब्लूग्रासकडे वळला आणि 'माय ब्लूग्रास हार्ट' या अल्बमला त्या प्रकाराचं ग्रॅमी मिळालं. भारतीय वादकांशी त्याची ओळख जुनी आहे. 1996 च्या 'टॅब्युला रासा'मध्ये तो मोहनवीणेच्या विश्वमोहन भट्टांबरोबर आणि चिनी एरहू वाजवणाऱ्या जिए-बिंग चेन यांच्याबरोबर बसला होता. झाकीर आणि मायर यांच्याबरोबर त्याने तिघांसाठी आणि संपूर्ण वाद्यवृंदासाठी एक रचना केली. ती 2006 साली नॅशव्हिलच्या नव्या सिम्फनी सभागृहात पहिल्यांदा वाजली आणि 2009 मध्ये 'द मेलडी ऑफ रिदम' या नावाने रेकॉर्ड होऊन आली. राकेश चौथे म्हणून आले आणि त्या मांडणीत जी एक जागा रिकामी होती ती भरली. कोणती जागा, ते पुढे येईलच.

*

ब्लूग्रास म्हणजे काय हे एका वाक्यात सांगायचं तर डोंगरातल्या नाचाच्या संगीताची झालेली बैठक. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलेशियन डोंगरांत शेतकरी, खाणकामगार, गिरणी कामगार शनिवारी रात्री धान्याच्या कोठारात जमत आणि फिडल-बँजोवर नाचत. तिथेही ऐकायला कुणी येत नसे. वादकाचं काम एकच, पाय थांबू द्यायचे नाहीत.

केंटकीच्या रोझीन गावचा बिल मन्रो मॅण्डोलिन वाजवायचा. तरुणपणी तो तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपं हलवत होता. त्याच्या बँडचं नाव होतं 'ब्लू ग्रास बॉइज'; केंटकीला तिथल्या हिरव्या-निळ्या गवतामुळे पडलेलं टोपणनाव त्याने उचललं आणि पुढे तेच सगळ्या प्रकाराला चिकटलं. डिसेंबर 1945 मध्ये त्याने नॉर्थ कॅरोलायनातल्या एकवीस वर्षांच्या पोराला घेतलं. हा पोरगा, म्हणजे स्क्रग्ज, तोवर सूतगिरणीत कामाला होता. गिरणगावाची आठवण असलेल्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल: पाळी संपवून आलेला माणूस रात्री शाहिरीला किंवा भजनाला उभा राहायचा आणि त्याच्यातूनच एखादा अमर शेख पुढे यायचा.

स्क्रग्जने काय केलं? त्याआधी बँजो बहुतेक जण नखाने खाली झोडत किंवा दोन बोटांनी छेडत. स्क्रग्ज अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांनी, बोटांत धातूची नखी चढवून, एका सेकंदात मोजता येणार नाहीत इतके स्वर काढायचा. तीन बोटांनी वाजवायचं आणि मात्रा आठ, म्हणजे तीन-तीन-दोन अशी विभागणी आपोआप होते. तबल्याच्या भाषेत 'तकिट तकिट तक'. ताल सरळ चाललेला असतो आणि वरचा जोर सारखा घसरत असतो. नॅशव्हिलच्या रेडिओवर त्याने हे वाजवलं तेव्हा लोक नाचायचं सोडून बघत राहिले, असं त्या काळाबद्दल सांगतात. हे थोडं वाढवून सांगितलेलं असेल. पण सप्टेंबर 1946 मध्ये या बँडने केलेल्या रेकॉर्ड आजही ऐकता येतात आणि त्या ऐकताना पाय नाही, मानच हलते.

नाचणाऱ्यांच्या त्या थांबण्यामागे मायक्रोफोनचाही हात आहे. रेडिओवर पाच जणांत मायक्रोफोन एकच असायचा. ज्याची पाळी तो पुढे येऊन वाजवणार, बाकीचे अर्धं पाऊल मागे सरकून आवाज कमी करणार, मग पुढचा येणार. एकमेकांच्या अंगावर न आदळता पाच माणसं आणि पाच वाद्यं फिरवायची म्हणजे कसरतच. पण त्या अडचणीतून एक शिस्त तयार झाली: एक वाजवत असताना चौघांनी ऐकायचं. प्रत्येकाला सोळा मात्रांची मोकळी जागा, आणि त्या जागेत तुम्ही काय बोलता यावर तुमची किंमत. आपल्या मैफलीत तबलजीला गायक हात वर करून जागा देतो, तीच ही गोष्ट. फक्त इथे मुख्य कलावंत असा कुणीच नाही.

आणखी एक. जुन्या ब्लूग्रासमध्ये ड्रम नाही. डबल बेस सम धरतो, मॅण्डोलिनवाला तारा दाबून 'चक्' असा कोरडा आवाज काढतो, तोच ताल. म्हणजे तालवादकाचं आसन तिथे ऐंशी वर्षं रिकामं आहे. आपल्या वाचकांना मॅण्डोलिन परकं वाटू नये. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत कुडाळकर पोरवयात मॅण्डोलिन वाजवूनच संसार चालवायला मदत करत होते आणि तेच ऐकून लताबाईंचं त्यांच्याकडे लक्ष गेलं.

*

आता 'ॲज वी स्पीक'. हा अल्बम मी बरेचदा ऐकला आहे, आणि तो मला का पटतो हे सांगताना मी पुरस्कार बाजूला ठेवतो.

बँजोचं मोठं दुखणं हे की त्याचा स्वर टिकत नाही. गोल चौकटीवर कातडं (हल्ली प्लास्टिक) ताणलेलं, त्यावर घोडी, त्यावर तार. तार छेडली की आवाज झटकन उसळतो आणि झटकन मरतो. सरोदलाही कातडं असतं, पण त्याला पडदे नसतात, पट्टी गुळगुळीत धातूची असते; बोट घसरवून स्वर ओढता येतो. बँजोला पडदे आहेत. मग आलाप कसा करणार? मींड कशी घेणार? स्क्रग्जपासून सगळ्यांनी यावर एकच तोड काढली: स्वर मरायच्या आत दुसरा उभा करायचा. बँजोची ती धबधब्यासारखी गती हौसेने आलेली नाही, नाइलाजाने आलेली आहे.

फ्लेक या अल्बममध्ये तो नाइलाज लपवत नाही. त्याने आपल्या वाद्याला सतार व्हायला लावलेलं नाही, हे त्याचं शहाणपण. पूर्व-पश्चिम मिलाफाच्या नावाखाली इतके अल्बम निघाले आहेत की ज्यांत परदेशी वादक राग यमनचा आरोह-अवरोह शाळकरी मुलासारखा म्हणतो आणि आपण कौतुकाने माना डोलावतो. इथे तसं नाही. ओढलेला, लांबवलेला स्वर दोघांकडे आहे: राकेशची बासरी वरच्या अंगाने आणि मायरचा गजाने वाजवलेला बेस खालच्या अंगाने. मघाशी रिकामी म्हटलेली जागा ती हीच. तिघे होते तेव्हा मींड एकट्या मायरच्या गजावर टांगलेली होती. बासरी आल्यावर बँजो मोकळा झाला. बासरी स्वर धरून बसली की बँजो तिच्याभोवती कण उधळतो आणि तबला ते कण मोजून घेतो.

बँजोची पाचवी तार हा अभ्यासाचा विषय आहे. ती बाकीच्या चार तारांहून आखूड, तिची खुंटी दांड्याच्या मध्यावरच. अंगठ्याने ती सारखी छेडायची. स्वर बदलत नाही. सतारीच्या-सरोदच्या चिकारीचं जे काम, तेच हिचं. त्यामुळे झाकीरभाईंना इथे ओळखीचं मैदान मिळालेलं आहे. झाल्याच्या वेळी चिकारीशी तबल्याने कसं वागायचं हे जो वडील उस्ताद अल्लारखांना पंडित रविशंकरांच्या शेजारी बसलेलं पाहून शिकला, त्याला बँजोचा झाला परका वाटायचं कारण नव्हतं. 'मोशन' किंवा 'रिकेटी कर्मा' या रचना ऐका: तबला बँजोच्या तीन-तीन-दोनवर बोट ठेवून जातो, तो ताल पुन्हा वाजवून दाखवत नाही. एखाद्या ठिकाणी तर डग्ग्याचा नुसता एक घुमारा, आणि त्या घुमाऱ्याने मागचे बारा बँजो-स्वर एका वाक्यात बांधले जातात. 'पश्तो' हे नाव सात मात्रांच्या एका तालाचं म्हणून तबल्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. त्या रचनेत चौघांची पाळीपाळीने होणारी देवाणघेवाण ऐकली की एका मायक्रोफोनभोवती फिरणारे ते पाच जण आठवतात.

15 डिसेंबर 2024 ला झाकीरभाई सॅनफ्रान्सिस्कोत गेले. श्रद्धांजलीच्या लेखांत त्यांच्या केसांबद्दल आणि चहाच्या जाहिरातीबद्दल पुष्कळ आलं. साथीदार म्हणून ते समोरच्याचं वादन कसं ऐकत, हे मला त्यात थोडं कमी भेटलं. या अल्बममध्ये ते कान जवळून ऐकायला मिळतात.

*

आपला बेंजो आणि हा बँजो यांचं नातं फक्त नावापुरतं. आपला आला जपानमधून. 1912 मध्ये नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या वादकाने टंकलेखन यंत्राच्या धर्तीवर एक तंतुवाद्य बनवलं: लाकडी पेटी, तिच्यावर आडव्या तारा, तारांवर बटणांची रांग. त्या वर्षी तैशो राजवट सुरू झाली म्हणून वाद्याचं नाव तैशो-गोतो. स्वस्त, हलकं, शिकायला सोपं. त्यामुळे ते बंदराबंदरांतून पसरलं. उत्तरेत त्याला बुलबुल तरंग म्हणाले, बलुचिस्तानात ते मोठं होऊन बेंजू झालं, आपल्याकडे बेंजो. जपानमध्ये आजही वयस्क मंडळी गटागटाने ते हौसेने शिकतात. मुंबई-कोकणात मात्र ते चाळीतून, गणपतीच्या मिरवणुकीतून, गोविंदातून थेट रस्त्यावर आलं. मग तारांखाली पिकअप बसला, ॲम्प्लिफायर आला, जोडीला ऑक्टापॅड आणि कीबोर्ड आला, ढोलकी-ताशे होतेच. एकरंगी टी-शर्ट घातलेली दहा-पंधरा पोरं आणि पुढे गळ्यात किंवा स्टँडवर बेंजो घेतलेले एक-दोघे, हे चित्र पनवेल, उरण, अलिबाग, कर्जत कुठेही सारखंच.

रवी जाधव यांनी 2016 मध्ये रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला तेव्हा या पोरांना वाटलं होतं की आता आपले दिवस आले. चित्रपट फारसा चालला नाही. त्यात वादकाला मोठेपण मिळवून द्यायला न्यूयॉर्कहून कुणीतरी यावं लागतं, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

आता वादनाकडे बघू. बेंजोवर डाव्या हाताची बोटं बटणांवर आणि उजव्या हातात तार छेडायला पिक. बटण ठरलेल्या जागीच तार दाबतं, त्यामुळे इथेही मींड नाही. काही तारा बटणांखाली येतच नाहीत. त्या आपला स्वर धरून गुणगुणत राहतात. म्हणजे अडचणी बँजोच्याच: ओढता न येणारा स्वर आणि न थांबणारी चिकारी. पण तोड वेगळी निघाली. गाण्यातला लांब स्वर आला की बेंजोवाला पिक इतक्या वेगाने वरखाली हलवतो की तुटक ठोक्यांची एक सलग रेघ होते. गायिकेने 'हो' म्हणून सोडलेला स्वर चार मात्रा तसाच तरंगत ठेवायचा, आणि त्याच वेळी चाल चालत राहायची, पाठीमागून पोरं ढकलत असतात, समोर नवऱ्याचे मामा नोटा ओवाळत असतात. गाण्यामागून गाणं येतं, मध्ये श्वास नाही. कोळीगीतातून भीमगीतात, तिथून सिनेमात, तिथून एकविरेच्या गाण्यात. षड्ज सहसा तोच ठेवायचा, कारण गुणगुणणाऱ्या तारा लगेच बदलता येत नाहीत. म्हणजे प्रत्येक गाणं मनातल्या मनात एकाच पट्टीत आणायचं. स्वरलिपी नाही, वही नाही. ऐकलं की हातात. चांगला बेंजोवाला नवं गाणं सकाळी मोबाईलवर ऐकतो आणि रात्री त्यातल्या गायकाच्या मुरकीसकट वाजवतो. हे कौशल्य नाही तर काय आहे?

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हळदीत वाजणारं जवळजवळ सगळं दुसऱ्याचं असतं. स्वतःची रचना वाजवणारा बेंजोवाला विरळा, कारण ती वाजवली तर पहिल्या चार सुरांत ओळखायचं काय? नाच थांबेल आणि नाच थांबला तर पुढची सुपारी जाईल. स्क्रग्जचंही सुरुवातीला हेच होतं. 1949 मध्ये त्याने लेस्टर फ्लॅटबरोबर स्वतःची 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ही रचना रेकॉर्ड केली, तेव्हा तिला आधी चाल म्हणून कुणी ओळखत नव्हतं. 1967 मध्ये 'बॉनी अँड क्लाइड' या चित्रपटात पळापळीच्या प्रसंगांना ती लावली गेली आणि जगभर पोचली. नवी चाल ओळखीची व्हायची तर ती आधी कुठेतरी मुक्कामाला राहिली पाहिजे. रेकॉर्ड हा तिचा मुक्काम.

*

बटणं दाबून वाजवायचं वाद्य म्हणून बेंजोला नाक मुरडणाऱ्यांसाठी आपल्याच घरातला दाखला आहे. हार्मोनियम. तीही परदेशी, तीही पट्ट्यांची, तिच्यातही मींड नाही, श्रुती नाहीत. आकाशवाणीने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली ती 1971 पर्यंत चालली. पण महाराष्ट्राने ते मनावर घेतलं नाही. संगीत नाटकाच्या पुढ्यात ती बसलेलीच होती. 1911 च्या 'मानापमान'च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे हार्मोनियमचे असे वादक होते की मैफलीत लोक पेटी ऐकायला थांबत. पुढे पी. मधुकर झाले, आप्पा जळगावकर झाले, तुळशीदास बोरकर झाले. साथीच्या पेटीचं स्वतंत्र वादन इथे झालं, मराठी माणसांच्या हातून झालं. त्यांनी काय केलं? पेटीला जे जमत नाही त्याचं सोंग केलं नाही. जे जमतं ते इतकं नेटकं केलं की उणीव आठवेना. सनईची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. लग्नाच्या दारातलं वाद्य बिस्मिल्ला खाँनी मैफलीत नेलं, आणि दारातली सनई काही त्यामुळे बंद पडली नाही.

या दोन्ही वाद्यांना जे मिळालं त्यात एक साम्य आहे: शांत खोली. पेटीला नाट्यगृह मिळालं, सनईला रेडिओचा स्टुडिओ. बेंजोला अजून रस्ताच आहे. तिथे त्याची झुंज डीजेशी. डीजेचा आवाज मोठा, माणसं कमी, हिशेब सोपा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद; सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. नियम योग्यच आहे, दवाखान्याशेजारी राहणाऱ्याला विचारा. पण त्याचा परिणाम असा की दहाच्या आत जास्तीत जास्त आवाज भरून घ्यायचा. मग बेंजोच्या बारीक जागा, ती पिकची सलग रेघ, सगळं स्पीकरच्या धडधडीखाली जातं. खुद्द वादकालाही आपलं वादन नीट ऐकू येत नाही.

इथे अमेरिकी बँजोची दुसरी, कमी सांगितली जाणारी गोष्ट आठवते. ते वाद्य मुळात गोऱ्या डोंगरी लोकांचं नाही. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून ते कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेत पुन्हा बनवलं; गाम्बियातल्या जोला लोकांच्या अकोंटिंग या वाद्याशी त्याचं साम्य आजही दिसतं. एकोणिसाव्या शतकात चेहऱ्याला काळं फासून नाचणाऱ्या गोऱ्या तमाशगिरांनी ते उचललं, आणि हळूहळू मूळ वादकांची नावं पुसली गेली. 2005 मध्ये फ्लेक युगांडा, टांझानिया, गाम्बिया, माली या देशांत बँजो घेऊन फिरला. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या बून इथे काळे बँजोवादक एकत्र जमले आणि तिथून रियानन गिडन्स आणि तिच्या साथीदारांचा 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा बँड उभा राहिला. नावं परत लिहिली जाऊ लागली, पण त्याला शंभरावर वर्षं लागली.

आपल्याकडे वाजवणाऱ्यांची नावं पुसायचीही गरज पडली नाही, कारण ती लिहिलीच गेली नाहीत. संबळ, हलगी, सनई, ताशा वाजवणारे बहुतेक कोणत्या जातींतले होते आणि पंगतीला ते कुठे बसत, हे सांगायला नको. बेंजो नव्या काळाचा, त्यात सगळ्या जातींची पोरं आहेत, ही त्याची मोठी जमेची बाजू. तरी कोळीगीतांच्या कॅसेटवर गायकाचा फोटो मोठा असायचा आणि बेंजो कुणाचा हे बहुतेकदा कुठेच नसायचं. आज यूट्यूबवरच्या आगरी गाण्यांतही गायक, नाचणारी जोडी, ड्रोनवाला, मेकअपवाला यांची नावं सापडतात. वाद्यवृंदाच्या जागी एखादं स्टुडिओचं नाव.

*

मग रायगडच्या बेंजोचा अल्बम निघाला तर त्यात काय असावं? मला विचारलं तर कीबोर्ड आणि ऑक्टापॅड बाहेर ठेवा. दोन बेंजो, एक ढोलकी, एक संबळ, आणि खालच्या अंगाला काहीतरी गजाचं. व्हायोलिन चालेल, ते गोव्यापासून गिरगावापर्यंत आपलंच झालेलं आहे. आवाज माणसं समोर बसून ऐकतील इतकाच. गाणी दुसऱ्याची नकोत. चालींची खाण इथेच आहे. आगरी लग्नात धवलारीण जे धवळे म्हणते ते वाद्याशिवाय, तीन-चार स्वरांत फिरणारे, विधीच्या वेगाने चालणारे. त्या चालींवर बेंजोची संथ बैठक व्हावी. कर्जतच्या डोंगरातल्या ठाकरांच्या नाचगाण्यांचा वेग निराळा. आणि रेल्वे तर दाराशीच आहे. अमेरिकी फिडलवाल्यांनी 'ऑरेंज ब्लॉसम स्पेशल' या गाडीच्या नावाची रचना 1938 पासून इतकी वाजवली की गाडी बंद पडली तरी चाल चालू राहिली. भोंगा, चाकं, वळणं सगळं गजावर येतं. भोर घाट आपल्याकडे 1863 मध्ये खुला झाला, तो बांधताना हजारो मजूर मेले, ज्याने वाट दाखवली म्हणतात त्या शिंग्रोबा धनगराचं देऊळ आजही घाटात आहे आणि जाता-येता लोक तिथे नाणं टाकतात. इतका मजकूर हाताशी असून घाट चढणाऱ्या गाडीची एकही बेंजो-रचना असू नये, हे मला आळसाचं लक्षण वाटतं. आळस वादकांचा नाही. रेकॉर्ड काढणाऱ्यांचा आणि आपण लिहिणाऱ्यांचा.

कुणी म्हणेल, बेंजो मैफलीत आणला तर त्याचा रांगडेपणा जाईल. जाईलही थोडा. ब्लूग्रासचाही गेला, आणि ज्यांना तो हवा ते अजून कोठारात नाचतात. खरी अडचण वेगळी आहे. बेंजोवाल्याचा दिवस रिक्षा, दुकान किंवा खोपोलीकडच्या एखाद्या कारखान्यातल्या पाळीत जातो, रात्र सुपारीत. स्वतःची चाल बसवायला लागणारे दोन मोकळे महिने त्याच्याकडे एकदाच असतात: आषाढ-श्रावणात. लग्नं नसतात, गणपती यायचे असतात, पावसाने ट्रॉली ताडपत्रीखाली बांधलेली असते. या दिवसांत बेंजो पार्टीची पोरं एखाद्याच्या ओटीवर जमतात आणि गणपतीची नवी गाणी बसवतात. तेव्हा ॲम्प्लिफायर बहुतेक बंदच असतो, वीजही कर्जतच्या पावसात धड नसते. बिनविजेचा बेंजो फार हळू वाजतो, ढोलकीवालाही मग बोटांनी वाजवतो, आणि एक जण नवी जागा घेतो तेव्हा बाकीचे थांबून ती पुन्हा घ्यायला लावतात. रेकॉर्डिंगवाल्यांनी यायचं तर त्याच दिवसांत यावं. आणि अल्बमच्या पहिल्या पानावर सगळ्यांची नावं लिहावीत, बेंजोवाल्याचं सर्वांत आधी, कुठल्या गावचा त्यासकट.